ठाणे, कोर्ट, कारागृह : आपल्याला ठाऊक असावे असे काही

ऑगस्ट महिन्याचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा ‘कारागृहसेवा रविवार’ म्हणून पाळते. भारतीय कारागृहसेवेचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण १४ ऑगस्टला येतो, म्हणून हा रविवार. १९४१ साली आउश्विट्झच्या छावणीत उपासमारीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या जागी हे धर्मगुरू स्वतः पुढे झाले, ही हकीकत आपण प्रवचनात अनेकदा ऐकली आहे. त्या रविवारी आपण बंदिजनांसाठी प्रार्थना करतो, दानपात्रात काही टाकतो आणि घरी जातो. पोलीस ठाण्यापासून कारागृहापर्यंतचा रस्ता प्रत्यक्षात कसा असतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांच्या घरावर तशी वेळ आली त्यांना ते कळते, पण ते सांगत नाहीत. सांगण्याची सोय आपण ठेवलेली नाही, हेही खरे.

मिस्सा संपल्यावर मंदिराच्या आवारात एखाद्या कुटुंबाविषयी हलक्या आवाजात बोलणे होते. ‘त्यांचा मुलगा आत आहे’ असे एक जण म्हणतो आणि दुसरा मान हलवून म्हणतो, ‘काहीतरी केलेच असेल, उगाच कोणी धरते का?’ या एका वाक्याचा आज विचार करायचा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार न्यायाधीन होते, म्हणजे बोलीभाषेतले ‘कच्चे कैदी’. त्यांच्यावर आरोप होता, पण निकाल लागलेला नव्हता. चारांतले तीन! ‘आत आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘वाट पाहत आहे’ एवढाच असतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू बंदिवासात भेटायला येण्याविषयी बोलतो, तेव्हा कैदी दोषी होता की निर्दोष, हे तो विचारत नाही. आपण मात्र आधी तेच विचारतो.

ठाण्यात

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले म्हणून वकील मंडळींनाही नव्याने पाठांतर करावे लागले. सामान्य माणसाच्या हक्कांचा गाभा मात्र तोच आहे, कारण तो संविधानात आहे.

गुन्हा दखलपात्र असेल तर फिर्याद नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक असते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर चालत नाही. कोणत्याही ठाण्यात गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून तो पुढे संबंधित ठाण्याकडे पाठवता येतो. फिर्यादीला प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. ठाण्याने नकार दिला तर ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे आणि आपल्या शहरात पोलीस आयुक्तालयातील वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवावी. तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याची जबाबदारीही नव्या संहितेने पोलिसांवर टाकली आहे. आपल्यापैकी अनेक जण ठाण्याची पायरी चढायला घाबरतात आणि घरातली चोरी, सुनेला झालेली मारहाण, शेजाऱ्याची धमकी गिळून टाकतात. त्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे.

अटकेच्या वेळचे नियम घरातील प्रत्येकाला पाठ असायला हवेत. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे लागते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतील एका खटल्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की ही कारणे लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावीत. अटकेच्या कागदावर घरच्या किंवा परिसरातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. घरच्यांना कळवावे लागते, वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक करता येत नाही. तसेच अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या किंवा आजारी माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते.

यातले बरेचसे नियम आपोआप आलेले नाहीत. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहात पंधरा स्त्री बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असे त्यांतल्या पाच जणींनी सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी व महिला पहारेकरी ठेवण्यास सांगितले. कोठडीत छळ झाला का, हे न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रत्येक अटक व्यक्तीला विचारलेच पाहिजे, असेही बजावले. पत्र एका बाईने लिहिले, त्याचा उपयोग आजही देशभर होतो आहे.

नियम कागदावर आले म्हणून संकट टळले असे मात्र नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या मराठवाड्यातच, परभणीत, आंदोलनानंतर अटक झालेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या आईने दाद मागितली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. गुन्हा नोंदवला जावा एवढ्यासाठी त्या माउलीला हायकोर्टात जावे लागले.

पवित्र शास्त्रात संत पौलाने या बाबतीत आपल्याला एक धडा घालून दिला आहे. फिलिप्पै येथे चौकशी न करताच त्याला फटके मारून तुरुंगात टाकले गेले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा पौलाने जायला नकार दिला. आपण रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे, असे त्याने कळवले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६). हक्क मागणे म्हणजे उर्मटपणा, अशी आपल्यात एक समजूत आहे. पौलाची तशी समजूत नव्हती.

जामीन आणि जामीनदार

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेल्यावर आरोपीला पोलीस कोठडी मिळते किंवा न्यायालयीन कोठडी. पोलीस कोठडी म्हणजे तपासासाठी ठाण्याच्या ताब्यात राहणे. ती एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. न्यायालयीन कोठडी म्हणजे कारागृह, आपल्याकडे हर्सूल. पोलिसांनी ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मात्र तो मागावा लागतो. वकील नसलेल्या माणसाला हे सांगणार कोण, हा प्रश्न उरतोच.

याला उत्तर आहे, पण ते फारसे कोणी विचारत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेली प्रत्येक व्यक्ती, प्रत्येक स्त्री, प्रत्येक मूल आणि अनुसूचित जाती-जमातींतील प्रत्येक जण मोफत वकिलाला पात्र आहे. त्यांचे उत्पन्न विचारले जात नाही. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अदालत रोडवरील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी मार्गदर्शन मिळते. ‘फुकटचा वकील काय कामाचा’ असे म्हणून लोक दागिने गहाण टाकतात आणि दोन तारखांनंतर खासगी वकिलाची फी थकते. मोफत वकिलांत हुशार आहेत तसे निष्काळजीही आहेत, आणि फी घेणाऱ्यांतही दोन्ही प्रकार आहेत, हे आपण जाणतो.

आता जामीन मंजूर झाला असे समजू. घरचे पेढे वाटतात, पण मुलगा येत नाही. का? कारण जामीनदार नाही. न्यायालय पंधरा-वीस हजारांचा जामीन ठरवते आणि तेवढ्या ऐपतीचा माणूस उभा करा म्हणते. जामीनदाराकडे ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा आणि सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक किंवा ऐपत प्रमाणपत्र असे काहीतरी लागते. बीड-जालन्याकडून ऊसतोडीला किंवा बांधकामावर आलेल्या मजुराच्या ओळखीत असा माणूस कुठून असणार? गावात आहे, पण तो कोर्टाची पायरी चढायला तयार नाही. मग पैसे घेऊन उभे राहणारे भाड्याचे जामीनदार शोधले जातात. त्यांची कागदपत्रे खोटी निघाली की आणखी एक गुन्हा अंगावर येतो. हे काही झाले नाही तर कोर्टाने ‘सोडा’ म्हटलेला माणूस आतच राहतो. न्यायाधीन बंद्यांच्या त्या मोठ्या आकड्यात असेही लोक आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याविषयी स्पष्ट सूचना दिल्या आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. शिवाय, आरोपीला जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज वकिलाला करता येतो. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी वा दंडासाठी केंद्र सरकारने २०२३ साली एक योजना आणली. सुरुवातीच्या नियमांत न्यायाधीन बंद्यासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या माणसाने जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे आहे. इतरांसाठी हा काळ निम्मा आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना ही सवलत नाही. २०२४ च्या आधीच्या बंद्यांनाही हे कलम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. अधीक्षकांनी स्वतःहून अर्ज करायचा असतो. घरच्यांनी तारखा मोजून आठवण दिली तर काम लवकर होते.

जामीनदार म्हणून उभे राहणे म्हणजे आरोपीच्या चारित्र्याची हमी घेणे, असा आपला समज असतो. तसे नसते. ‘हा तारखेला हजर राहील’ एवढीच ती हमी असते. तो पळून गेला तर ठरलेली रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते, म्हणून डोळे मिटून सही करू नये. माणूस, त्याचे घर, त्याची नोकरी माहीत असेल तरच उभे राहावे. पुढे विश्वास उडाला तर न्यायालयाला अर्ज करून हमीतून मोकळे होता येते. आपल्या धर्मग्रामात पगारपत्रक किंवा घरपट्टीची पावती असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यातले किती जण ओळखीच्या, गरीब, पहिल्यांदाच अडकलेल्या मुलासाठी उभे राहतील, हा प्रश्न आम्ही येथे सरळच विचारतो.

काही खास कायद्यांखाली जामीन मिळणेच अवघड असते. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक करून नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात आणले गेले. वय ८३, कंपवाताने हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी नळीचा पेलाही त्यांना मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते कच्चे कैदीच होते. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे, यावर साक्षीपुरावा होण्याआधीच सारे संपले.

दानिएलची उलटतपासणी

आता खटला. या भागासाठी आपल्या बायबलमध्ये दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय उघडावा. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये तो त्या ग्रंथाचा भाग नाही. सुसन्ना नावाच्या सुशील स्त्रीवर दोन वडीलधारी माणसे व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. ती दोघे समाजात मानाची, शिवाय न्यायाधीश. लोक ताबडतोब विश्वास ठेवतात आणि तिला मरणाची शिक्षा होते. तेवढ्यात तरुण दानिएल उभा राहतो आणि चौकशी न करता इस्रायलच्या लेकीला दोषी ठरवल्याबद्दल लोकांना फटकारतो. तो दोन्ही साक्षीदारांना वेगवेगळे करतो आणि दोघांना एकच प्रश्न विचारतो : हे कोणत्या झाडाखाली पाहिले? एक जण एक झाड सांगतो, दुसरा दुसरेच. सुसन्नेचा जीव वाचतो.

आजच्या न्यायालयात सरकारी वकील साक्षीदाराची सरतपासणी घेतो आणि आरोपीचा वकील उलटतपासणी घेतो, ती हीच गोष्ट. ‘वकील गुन्हेगाराला वाचवतात’ असे म्हणताना दानिएल आठवावा. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. आपण निर्दोष आहोत हे आरोपीने सिद्ध करायचे नसते. रास्त शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो.

दानिएल वेळेवर उभा राहिला नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले आहे. ५ जून २००३ च्या रात्री एका पेरूच्या बागेतील झोपडीवर दरोडा पडला. एका गरीब कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. दोघे जखमी होऊन वाचले. अशा गुन्ह्यानंतर लोकांचा संताप होणारच आणि पोलिसांवर दबाव येणारच. पुढे भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. २००६ साली नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे नंतर उघड झाले.

पुनर्विलोकनात प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, जखमी साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. ती माणसे या सहांपैकी नव्हती. तो धागा पोलिसांनी सोडून दिला आणि ती बाब खटल्यात पुढे आणली गेली नाही. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश सरकारला दिला. सोळा वर्षांच्या हिशेबाने ती भरपाई दिवसाला नव्वद रुपयेही होत नाही. आणि बागेतल्या त्या कुटुंबाला काय मिळाले? ज्यांनी त्यांची माणसे मारली ते मोकळेच राहिले. चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार बाहेर राहतो, हे पीडितांची बाजू घेऊन तावातावाने बोलणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

फाशीबाबत ख्रिस्तसभेची शिकवण आता स्पष्ट आहे. २०१८ साली परमगुरू फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २२६७ बदलून घेतला. मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही, असे त्यात आता म्हटले आहे. ही शिकवण आपल्यातील अनेकांना जड जाते. नाशिकचा खटला तिच्याशेजारी ठेवून वाचला तर थोडी सोपी होते.

आत, आणि बाहेर आल्यावर

दोषी ठरलेल्या प्रत्येकाला तुरुंगच मिळतो असे नाही. दंड होतो, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले जाते, आणि नव्या न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षाही आली आहे. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत मिळते आणि अपिलासाठी वकीलही मोफत मिळतो. हे तत्त्व १९७८ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठासून सांगितले.

महाराष्ट्र कारागृह विभागाचे ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’ असे आहे. पक्क्या कैद्याला काम व त्याची मजुरी मिळते, चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत माफीचे दिवस मिळतात, संचित रजा आणि अभिवचन रजा मिळू शकते. आपल्या जिल्ह्यात पैठणला खुले कारागृह आहे. तेथे विश्वास ठेवण्याजोगे बंदी शेतीवर राबतात. याहून पुढचे पाऊल स्वातंत्र्याआधीच औंध संस्थानात पडले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची उघडी वसाहत उभी राहिली. तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचलेला. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे, पण वसाहत खरी होती, हे किती जणांना माहीत असेल?

भारतातील कारागृहसेवा १९८१ साली केरळात सेमिनरीतील तरुणांच्या पुढाकारातून सुरू झाली आणि आज देशभर पसरली आहे. तिचे काम केवळ आतल्या बंद्यांपुरते नाही. परमगुरू फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिबिया कारागृहात ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले, तेव्हा जगाचे लक्ष बंद्यांकडे गेले. त्यांच्या घरच्यांकडे लक्ष देणे आपल्याला येथेच जमण्यासारखे आहे. हर्सूलला मुलाखतीला जायचे तर ओळखपत्र लागते, नावनोंदणी करावी लागते, आणि रोजंदारीवर असलेल्या बाईचा तो दिवस बुडतो. ‘ई-मुलाकात’ या सोयीने व्हिडिओवर भेटता येते, पण त्याची नोंदणी मोबाइलवर करून देणारा कोणीतरी लागतो. आपल्या युवकांना ते दोन मिनिटांचे काम आहे. आत साबण, टूथपेस्ट, खाण्याचे जिन्नस कॅन्टीनमधून घ्यायला बंद्याला घरून मनीऑर्डर लागते. मुलांची शाळेची फी भरायची असते. आणि पोस्टकार्ड! आतल्या माणसाला आलेले पत्र तो किती वेळा वाचतो, हे बाहेर आलेल्यांना विचारावे.

शेवटी सुटकेच्या दिवसाविषयी. सुटकेचा आदेश ठरलेल्या वेळेच्या आत कारागृहात पोहोचला नाही, तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. सिल्लोड, वैजापूर, अंबडकडून आलेले आई-वडील तेव्हा फाटकाबाहेर उभे असतात. परतीची शेवटची एसटी गेलेली असते आणि लॉजचे पैसे नसतात. त्यांना एका रात्रीपुरते घरी ठेवून घेऊ शकणाऱ्या कुटुंबांनी आपली नावे धर्मगुरूंकडे द्यावीत. जामीनदार म्हणून उभे राहण्यास तयार असलेल्यांनीही तेथेच द्यावीत.